रेल्वे आली, जात का गेली नाही?



अर्थशास्त्र शिकवताना मला दरवर्षी एक प्रश्न ऐकावा लागतो: "सर, आपली लढाई वर्गाची की जातीची?" आज त्यावरच बोलतो.

1853 साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. त्याच वर्षी कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात लिहिले की, रेल्वेमागून येणारे उद्योग जातीचा आधार असलेली पिढीजात कामाची विभागणी मोडून काढतील. उत्पादनाची साधने बदलली की माणसांतले संबंध बदलतात, हा त्यामागचा विचार.

गिरण्या आल्या. पण मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यात नवी कांडी भरताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि त्या थुंकीचा सवर्ण कामगारांना विटाळ होई. पगार मात्र त्याच खात्यात चांगला. यंत्र विलायतेचे, विटाळ गावाकडचा.

याचा उलगडा करायला अमेरिकेचे थॉर्स्टाइन व्हेब्लेन उपयोगी पडतात. संस्थावादी अर्थशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. त्यांच्या मते संस्था म्हणजे समाजात मुरलेल्या विचारांच्या सवयी. यंत्र लवकर बदलते, सवय मागे रेंगाळते. आणि जिला चिकटून मानमरातब मिळतो, ती सवय लोक जिवापाड जपतात.

मग विटाळ ही नुसती सवय होती का? नाही. तिने चांगल्या पगाराच्या जागा अडवून ठेवल्या होत्या. म्हणून मार्क्सचा प्रश्न सुटत नाही: फायदा कोणाचा?

बाबासाहेबांनी हे दोन्ही प्रश्न एकत्र धरले. 1928 च्या गिरणी संपात सुमारे दीड लाख कामगार उतरले, तेव्हा विणकाम खात्याच्या बंद दाराचा प्रश्न त्यांनी संपाच्या नेत्यांपुढे मांडला. 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. 1938 च्या नोव्हेंबरात कामगारविरोधी कायद्याविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संप केला. मजुरांची एकी हवी, पण मजुरांमधली उतरंड झाकून ती होत नाही, हा त्यांचा आग्रह होता.

आजचे पाहा. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली आणखी कडक झाला. तरी गटारात माणसे गुदमरून मरतात. यंत्र बाजारात आहे. ठेकेदाराला माणूस स्वस्त पडतो. हा झाला वर्गाचा हिशेब. आणि तो माणूस कोणत्या जातीचा असणार, हे आधीच ठरलेले असते. हा झाला संस्थेचा हिशेब. एक सोडून दुसरा मांडला तर बेरीज चुकते.

तुम्ही घरातले पहिले पदवीधर. उद्या तुमच्यातले कोणी नगरपालिकेत इंजिनिअर होईल, कोणी बँकेत, कोणी मंत्रालयात. टेंडरची फाइल समोर आली की दोन गोष्टी विचारा: यात पैसा कोणाचा वाचतो? आणि घाण काम कोणाच्या वाट्याला येते, ते का? उत्तर फाइलवर लिहून ठेवा. सही त्यानंतर करा.

जय भीम.