टेलचं पाणी आणि हिग्जची जोडी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी वाचनाचं वेड भौतिकशास्त्राचं, म्हणून आज हिग्ज कणाबद्दल बोलते.

4 जुलै 2012 रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत या कणाचा शोध जाहीर झाला. 27 किलोमीटर परिघाच्या भुयारात प्रोटॉनांच्या टकरी घडवून तो मिळाला. आता तिथे एकाच टकरीतून दोन हिग्ज निघतात का, हे शोधताहेत. एक हिग्ज मिळण्यापेक्षा हे हजारपटीहून दुर्मीळ. पण हिग्ज स्वतःशी कसा वागतो, ते थेट या जोडीतूनच कळेल.

अशा किती जोड्या मिळायला हव्यात? पहिल्या पायरीच्या गणिताचं उत्तर 20 धरलं, तर पुढच्या पायरीची दुरुस्ती केल्यावर ते सुमारे 33 होतं! टॉप क्वार्कचं वस्तुमान पूर्ण धरून ही दुरुस्ती 2016 मध्ये जमली. त्यातली इंटिग्रल्स कागदावर सुटेनात, शेवटी संगणकावर आकडे घालूनच ती सोडवली. माझ्यासारखीला म्हणूनच हे जवळचं वाटतं.

दुरुस्तीला एवढं महत्त्व का, ते मुळा कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला विचारा. धरणातून सोडलेलं पाणी हा पहिला हिशेब. वाटेतली गळती आणि बाष्पीभवन धरलं की दुसरा. टेलला पाणी कमी आलं, तर वर कुणी चोरून घेतलं असं म्हणायच्या आधी गळती नीट मोजावी लागते. नाहीतर उगाच कुणावर तरी आळ यायचा.

हिग्जचंही तसंच आहे. काही सिद्धांतांत हिग्ज एक नाही, पाच आहेत. त्यातला एखादा जड हिग्ज फुटून दोन हलके निघू शकतात. तो प्रत्यक्ष दिसला नाही तरी त्याच्या नुसत्या असण्यानं हिग्जचं स्वतःशी असलेलं नातं बदलतं, आणि ही दुरुस्ती काही वेळा मूळ आकड्याएवढी मोठी निघते. ती न करता प्रयोगाशी तुलना केली, तर नसलेला कण सापडल्याचा गाजावाजा होईल किंवा असलेला हातचा जाईल.

हिग्ज आणि अशा नव्या कणांवर आयुष्यभर काम केलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले आपल्या शेजारच्या पुण्याच्या. हुजूरपागेत शिकल्या, पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर 2024 मध्ये त्या गेल्या.

भारतातल्या स्त्री-शास्त्रज्ञांवरचं ‘लीलावतीज डॉटर्स’ हे इंग्रजी पुस्तक त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह संपादित केलं. आपल्या बॅचतर्फे त्याच्या प्रती शाळेच्या ग्रंथालयाला द्याव्यात, अशी माझी सूचना आहे. आठवी-नववीच्या मुलींच्या हाती त्या पडोत.

आणि सर, बाई, गणित सुटल्यावरही तुम्ही ‘ताळा करून बघा’ म्हणायचात. सर्नमध्येही अजून तेच चाललंय!