पोथी आईला द्यायची

नागपुरात पारशी म्हटलं की आधी आठवतात जमशेटजी टाटा आणि त्यांची 1877 सालची एम्प्रेस मिल. पलटण म्हटलं की जवळची कामठीची छावणी. पारशी आणि पलटण या दोन्ही गोष्टी ज्यांच्या ठायी एकत्र आल्या, ते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. पलटणीतले सोबती त्यांना ‘आदी’ म्हणत.

जन्म मुंबईचा, 18 ऑगस्ट 1923 चा. शाळा पुण्याची, सरदार दस्तूर. आडनाव पालघरकडच्या तारापूरचं. पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते आणि त्यांना शंभर गावं इनाम मिळाली, त्यातलं मुख्य तारापूर, अशी घराण्यात चालत आलेली कथा. लहानपणी दावं तोडून बहिणीच्या अंगावर धावलेल्या गाईला आदीने काठीने परतवलं होतं, तेही घरात सांगितलं जाई.

नोकरी सुरू झाली निजामाच्या फौजेत, तीही पायदळात. मन मात्र रणगाड्यांत. एकदा सरावात एका नवख्या शिपायाचा हातबॉम्ब नीट फेकला गेला नाही. तो जवळच पडला. तारापोरांनी झेप घेऊन तो उचलला आणि दूर भिरकावला. फुटताना उडालेले तुकडे छातीत घुसले. फौजेचे सेनापती एल एद्रूस यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, शाबासकीसाठी बोलावून घेतलं. तर या गड्याने तिथेच चिलखती दलात बदली मागितली! ती मिळालीही. पुढे हैदराबादची फौज भारतीय सैन्यात विलीन झाली आणि 1951 मध्ये ते ‘पूना हॉर्स’मध्ये आले. पुण्यात शिकलेला मुलगा पुण्याच्याच नावाच्या पलटणीत.

सप्टेंबर 1965, भारत-पाकिस्तान युद्ध. सियालकोटच्या आघाडीवर पूना हॉर्सचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. 11 तारखेला फिलोराच्या लढाईत ते जखमी झाले. मागे इस्पितळात जायला सांगितलं, ते गेले नाहीत. मग वझीरवाली, मग जस्सोरन आणि बुतूर-डोग्रांदी. त्यांच्या पलटणीने शत्रूचे सुमारे 60 रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे 9 गमावले, अशी त्यांना मिळालेल्या परमवीर चक्राच्या सन्मानपत्रात नोंद आहे.

त्या धुमश्चक्रीत एका सहकारी अधिकाऱ्याला त्यांनी काही निरोप देऊन ठेवला होता. आपलं काही बरंवाईट झालं तर प्रार्थनेची पोथी आईला द्यायची, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी लेकीला, हातातलं कडं आणि फाउंटन पेन लेकाला. लेकाला सांगायचं, तूही फौजेत जा. जमीनजुमला नाही, पैशाअडक्याचा शब्द नाही. अंगावर आणि खिशात होतं तेवढंच त्यांनी वाटून दिलं.

आणखी एक मागणं होतं: अंत्यसंस्कार रणभूमीवरच करायचे. पारशी धर्मात अग्नी पवित्र. त्याला प्रेताचा विटाळ होऊ नये म्हणून तर दोखम्याची, म्हणजे शव न जाळता उंच बुरुजावर उघड्यावर ठेवण्याची, रीत. पोथी जपणाऱ्या माणसाला हे कोणी सांगायला नको होतं. तरी त्यांनी पोथीही सोबत बाळगली आणि चिताही मागितली. याला धर्म सोडणं म्हणावं, असं वाटत नाही. जिथे आपली माणसं पडली तिथून एकट्याने उचलून नेलं जाऊ नये, एवढंच बहुधा मनात असेल.

16 सप्टेंबरला त्यांच्या रणगाड्यावर तोफगोळा आदळला. तारापोर गेले. वय 42.

पलटणीने शब्द पाळला. त्यांना अग्नी दिला गेला तो लढाईच्याच मैदानात.