आरतीला नुसतं उभं राहणं



‘वर्गात परधर्मात लग्न केलेली तू एकटीच, तेव्हा तूच बोल’, असा ग्रुपवर हुकूम निघाला, म्हणून उभी आहे.

माझे यजमान वसईचे कॅथलिक. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली आम्ही लग्न केलं. त्यात कुणालाच धर्म बदलावा लागत नाही, फक्त ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ते ३० दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. सह्यांच्या दिवशी आई एकटीच आली.

पुढे गणपतीला बाबांनीच बोलावलं. ह्यांनी मखर उभारलं, पण आरतीला नुसते उभे राहिले. बाबांना तो अपमान वाटला आणि दोन वर्षं सलत राहिला.

मग सासूबाई गेल्या. बाबा वसईला चर्चमध्ये आले. प्रार्थना मराठीतच होती. सगळे उभे राहिले की तेही उभे राहत. सगळ्यांनी गुडघे टेकले, तेव्हा मात्र मान खाली घालून बसून राहिले. परतताना म्हणाले, “जावई आरतीला नुसते का उभे राहतात, ते आज कळलं.”

आजही हे आरती म्हणत नाहीत आणि बाबा गुडघे टेकत नाहीत. पण मखर ह्यांच्याशिवाय उभं राहत नाही.

आपली मुलं आता मोठी होताहेत. उद्या त्यांची निवड पटली नाही, तर तसं जरूर सांगा. पण सह्यांच्या दिवशी जा. माझ्या लग्नाच्या फोटोत बाबा नाहीत. ते आता माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागतं.