तोटीतून निघणारे पाणी

(संस्थेच्या विद्यालयातील विज्ञान मंडळापुढे केलेले भाषण)



झाडांना पाणी घालताना रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते. 'असे का?' म्हणून वर्गात विचारले, तर उत्तर येते, 'तोंडाशी पाण्याचा दाब वाढतो म्हणून.' उत्तर सहज सुचणारे आहे, पण बरोबर नाही.

हिशेब करून पाहू. पाणी दाबून लहान होत नाही. नळीत दर सेकंदाला जेवढे शिरते, तेवढेच बाहेर पडले पाहिजे. समजा, नळीचा व्यास ४ सेंटिमीटर आणि तोटीच्या तोंडाचा १ सेंटिमीटर आहे. तोंडाचे क्षेत्रफळ नळीच्या एक सोळांश झाले. म्हणून नळीत सेकंदाला १ मीटर वेगाने येणारे पाणी तोंडातून १६ मीटर वेगाने सुटते.

हा वेग कोठून आला? डॅनियल बर्नुली यांच्या १७३८ सालच्या 'हायड्रोडायनॅमिका' या ग्रंथात याचे मूळ सापडते. दाब खर्ची पडतो आणि वेग जमा होतो. आपल्या उदाहरणात नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे सव्वा वातावरण जास्त लागेल. तोंडाबाहेर पडताना तो हवेइतकाच उरतो. धार सरळ वर सोडली, तर हवेचा विरोध वगळता ती सुमारे १३ मीटर चढेल.

म्हणजे तोटी नवी शक्ती निर्माण करीत नाही. खात्री करायची असेल तर एकदा नळी मोकळी सोडून आणि एकदा तोंड दाबून बादली भरा. दाबल्यावर बादली उशिरा भरते! प्रवाह घटला, त्यामुळे नळीच्या घर्षणात वाया जाणारा दाब वाचला. तोच अंगठ्यामागे साठतो आणि बाहेर पडताना वेग होतो.

नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी 'किताब अल-हियल' या ग्रंथात आकार बदलणाऱ्या कारंज्यांच्या रचना वर्णिल्या. त्यांच्यापाशी बर्नुलीचा सिद्धान्त नव्हता. करून बघण्याची जिद्द होती. आमची मुले-मुली सूत्रे पाठ करतात, गुणही मिळवतात. पण ही जिद्द पाठांतराने येत नाही.

पालकांना एकच विनंती. मूल नळाशी खेळताना दिसले, तर रागावण्याआधी त्याच्या हाती घड्याळ द्या आणि बादली किती सेकंदांत भरली ते विचारा.