घर बांधण्यापूर्वी भाडेकरू पाहावा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दुकानातून शिल्लक राहिलेला पैसा सोन्यात किंवा जागेत घालावा, ही आपली पिढीजात रीत आहे. सोन्याचा कस सराफ पाहतो. जागेचा कस मात्र ज्याचा त्यालाच पाहावा लागतो. तो कसा पाहावा, याविषयी चार अनुभवाच्या गोष्टी आपल्यासमोर मांडणार आहे.

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. सोलापूरच्या दोशी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांनी कळंबच्या माळावर कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा केला, साखर कारखाना काढला आणि त्यामागोमाग कामगारांच्या वसाहती व शाळा आल्या. हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी पाणी, मग काम, मग माणसे आणि त्यानंतर घरे. आपण पुष्कळदा आधी घरे बांधतो आणि मग माणसांची वाट पाहत बसतो.

म्हणून जागा घेण्यापूर्वी येथे कोण राहावयास येणार, हा प्रश्न स्वतःस विचारावा. बारामतीत विद्यानगरीमुळे विद्यार्थी येतात, औद्योगिक वसाहतीमुळे कामगार येतात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे डॉक्टर आणि परिचारिका येतात. विद्यार्थ्यास महाविद्यालयाजवळची खोली व खानावळ हवी. संसारी कामगारास स्वयंपाकघर आणि पाण्याची सोय हवी. इंदापूर पुणे-सोलापूर महामार्गावर असल्याने तेथे दुकान आणि गोदाम यांचाही विचार करता येतो. मात्र एकाच कारखान्यावर अवलंबून असलेल्या गावी सर्व पुंजी घालू नये. कारखाना मंदावला की सगळ्या खोल्या एकाच वेळी रिकाम्या होतात.

आता हिशेब पाहू. समजा, सदनिका ३० लाखांची आहे आणि भाडे दरमहा ८,००० रुपये. वर्षाचे ९६,००० झाले. एक महिना जागा रिकामी राहिली, तर ८८,००० उरले. घरपट्टी, देखभाल व दुरुस्ती यांस १८,००० गेले, तर हाती ७०,००० राहतात. म्हणजे शेकडा अडीच रुपयेही सुटत नाहीत. या सदनिकेसाठी २० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी काढले असेल, तर पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे १ लाख ८० हजार होते. किंमत वाढेल तेव्हा वाढेल. हप्ता दरमहा येतो. भाड्यातून हप्ता फिटेल, या भरवशावर कोणीही कर्ज काढू नये.

कागदपत्रांविषयी माझीच चूक सांगतो. तरुणपणी मी सामाईक सातबाऱ्यातील दोन गुंठे केवळ नोटरी केलेल्या करारावर घेतले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे खरेदीखत झाले नाही, सातबाऱ्यावर नाव लागले नाही, बांधकामास परवानगी मिळाली नाही. त्या पैशांत आईच्या पाटल्या होत्या. तिने पुढे त्याविषयी एका शब्दानेही विचारले नाही, आणि तेच मला अधिक लागले. अलीकडे शासनाने या कायद्यात काही सवलती दिल्या आहेत. परंतु उद्याच्या सवलतीच्या आशेवर आजचा व्यवहार करू नये.

सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि वकिलाचा ३० वर्षांचा शोध अहवाल पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असल्यास शासनाची परवानगी लागते. उजनी प्रकल्पातील पुनर्वसनाच्या जमिनींबाबत ही गोष्ट विशेष तपासावी.

स्वतःची जमीन विकसनास देणाऱ्याने करारनामा नोंदवावा, काम पूर्ण करण्याची मुदत लिहून घ्यावी आणि सर्वाधिकाराचे मुखत्यारपत्र देऊ नये. सदनिका घेणाऱ्याने महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. २०१६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकासकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. लहान प्रकल्पांना महारेराची नोंदणी लागत नाही. तेथे अधिक जपावे.

भाडेकरू ओळखीचा आहे म्हणून तोंडी व्यवहार करण्याची आपल्याकडे सवय आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या करारासही यातून सूट नाही. लेखी करार नसेल, तर वादाच्या प्रसंगी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

शेवटी विश्वस्तांना एक नम्र विनंती. सार्वजनिक न्यासाची इमारत ३ वर्षांहून अधिक आणि शेतजमीन १० वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यास, तसेच स्थावर मिळकत विकण्यास, १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. घरच्या व्यवहारात झालेली चूक घरापुरती राहते. दात्यांनी विश्वासाने दिलेल्या मिळकतीच्या व्यवहारात झालेली चूक सबंध समाजास सोसावी लागते. म्हणून स्वतःच्या जागेपेक्षा या जागेचे कागद दोनदा अधिक वाचावेत.