जुन्या बाजारातील धन

श्रोतेहो, एखादी योजना मोडीत निघाली किंवा एखादी रूढी मोडीत निघाली, असे आपण नित्य म्हणतो. भांड्यांच्या दुकानात मात्र या शब्दाचा अर्थ अगदी रोखठोक आहे. जुने भांडे द्यावयाचे आणि धातूच्या वजनाइतके पैसे घ्यावयाचे, म्हणजे ते मोडीत देणे. तराजू वजन सांगतो. त्या भांड्याचा इतिहास सांगणे हे त्याचे काम नव्हे. तो इतिहास शोधीत हिंडणारी काही माणसे असतात. मी त्यांपैकी एक.

पुण्यास मंगळवार पेठेत, कुंभारवेशीनजीक, बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मुंबईत भेंडीबाजारालगतचा चोरबाजार प्रसिद्धच आहे. दिल्लीच्या दर्यागंजातील पदपथावरचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ साली तेथून उठला आणि जवळच्या महिला हाटमध्ये गेला. स्थळे निराळी, पण दृश्य एकच: जमिनीवर अंथरलेले गोणपाट, त्यावर किल्ली हरवलेली कुलपे, ग्रामोफोनच्या तबकड्या, कंदील, अडकित्ते, आणि समोर वाकून पाहणारी माणसे.

येथे नजर लागते, कारण जुने म्हणून विकले जाणारे सारेच जुने नसते. नव्या पितळेला रसायनाने काळे करून म्हातारपण आणता येते. परंतु असे म्हातारपण सर्वांगावर सारखेच पसरलेले असते. खरा अडकित्ता झिजतो तो बोटे टेकतात तेथे. खरी पळी झिजते ती भांड्याच्या तळाशी घासते त्या कडेला. पुण्याच्या तांबट आळीत घडविलेल्या भांड्यावर मठारकामाचे, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचे, ठसे एकापुढे एक दिसतात. वापरणाऱ्या आणि घडविणाऱ्या हातांच्या या खुणा वाचता येणे, हीच या बाजारातील साक्षरता होय.

ती ज्यांना पूर्णत्वाने साधली, ते दिनकर गंगाधर केळकर. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकाची भांडी अशा नित्याच्या वस्तू गावोगाव फिरून जमविल्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. राजांच्या तलवारी जपणारे पुष्कळ असतात. केळकरांनी सामान्य गृहिणीची खिसणीही जपली.

माझी स्वतःची कथा इतकी गौरवास्पद नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही वाडा सोडून सदनिकेत गेलो. जागा लहान, म्हणून माळ्यावरची पितळी भांडी मी हिशेब करून मोडीत दिली. आईने विरोध केला नाही. एक तपेले तेवढे तिने हाती घेतले, त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या आजीच्या नावावरून बोट फिरविले आणि ते परत पोत्यात ठेवले. त्या पैशांतून आम्ही काय घेतले, हे मला आज आठवत नाही. ते बोट आठवते.

गतवर्षी जुन्या बाजारात तशाच घडणीचे एक तपेले दिसले. नाव एका अपरिचित स्त्रीचे होते. खाली १९३८ हे साल. विक्रेत्याने ते तराजूत टाकले, मी पैसे दिले. घरी आणून आईपुढे ठेवले, तेव्हा तिने चष्मा लावून नाव मोठ्याने वाचले आणि विचारले, "हिच्या घरी आता कोणी नाही का रे?"

त्या प्रश्नाने माझ्या खरेदीचा आनंद एका क्षणात निवाला. ज्याला मी धन समजत होतो, ते कोणाच्या तरी घरातून असेच, हिशेब करून, निघाले होते.

पुढे मोठ्या प्रयासाने एक कल्हईवाला शोधला. तपेले आता स्वयंपाकघरात आहे. त्याला चकाकी देण्यासाठी यंत्रावर मात्र घासू दिले नाही, कारण त्यात अक्षरे पुसट होतात.

श्रोतेहो, जुन्या बाजारात अवश्य जा. परंतु त्याआधी एकदा आपल्या माळ्यावर चढा, आणि घरात कोणी वडीलधारे असेल तोवर भांड्यांवरील नावे कोणाची, हे त्यांना विचारून घ्या.