ठासणीच्या बंदुकीचा कान



या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी इयत्ता दहावीत शाळा सोडलेला, भांडुपच्या कारखान्यात फिटरच्या हाताखाली उमेदवारी केलेला आणि पुढे युनियनच्या कामात पडलेला माणूस. 'आमच्यासमोर कामगार चळवळीवर बोला,' असे चिटणीसांनी सांगितले होते. मी म्हटले, त्याविषयी वर्षभर बोलतोच. यंदा बंदूक पुसण्याविषयी बोलतो. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

बंदूक म्हणजे ठासणीची. तळकोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर ती अजून घरोघरी आहे. तोंडातून दारू घालायची, चिंधी ठासायची, छर्रे घालायचे, पुन्हा चिंधी, आणि गजाने दाबायचे. हे सगळे नळीच्या पुढच्या अंगाचे काम, ते सर्वांना दिसते. मागच्या अंगाला एक पोकळ बोंडी आट्यांवर बसवलेली असते. कारखान्याच्या भाषेत निपल. तिच्यावर तांब्याची केप चढवतात. घोडा केपेवर पडला की ठिणगी बोंडीच्या सुईएवढ्या छिद्रातून आत शिरते आणि दारू पेटते. सगळी बंदूक त्या छिद्रावर उभी आहे.

ही गोष्ट जुनीच. तोड्याच्या बंदुकीला आणि तोफेला केप नव्हती. नळीला कान होता, कानाशी रंजक ओतायची आणि जळता तोडा टेकवायचा. शत्रूची तोफ पळवून नेता आली नाही, तर तिच्या कानात खिळा ठोकून जात. एवढा मोठा धातूचा गोळा, आणि एका खिळ्याने मुका! पुढे गारगोटीचा चाप आला. त्याचा रंजकीचा भडका आधी दिसे आणि बार मागून होई, तेवढ्यात पक्षी उडून जात. स्कॉटलंडातल्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या पाद्रीबुवांना शिकारीचा नाद होता. त्यांनी आघाताने पेटणारे द्रव्य वापरण्याची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. तांब्याची केप त्यानंतरची. १८५७ च्या काडतुसांची चरबी आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण त्याच एन्फील्ड रायफलीला बोंडी झाकायची एक छोटी टोपी साखळीने अडकवलेली असे, हे मला चाळिशीत वाचनालयात बसून कळले. रिकामा घोडा पाडून बोंडीचे डोके चेपू नये म्हणून ती व्यवस्था. आमच्या गावी त्याच कामाला चामड्याचा तुकडा घालतात. पुस्तक न वाचता.

आता माझ्या घरची हकीकत सांगतो. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दुसऱ्या वर्षी आम्ही बिऱ्हाड गुंडाळून कुडाळ तालुक्यात गावी गेलो. आजोबांची बंदूक आणि परवाना रीतसर वडिलांच्या नावावर झाला. भाताच्या लोंब्या भरल्या की रात्री डुकरे उतरत. बंदूक पुसण्याचे काम माझ्याकडे. मी तेरा वर्षांचा. एका संध्याकाळी वडिलांनी विचारले, "आतसून पुसलंस मां रे?" मी "हो" म्हटले. खरे म्हणजे मी खोबरेल लावून बाहेरची नळी आणि दस्ता चकचकीत केला होता. बोंडी काढलीच नव्हती.

त्या रात्री केप वाजली आणि बार झाला नाही. वडिलांनी दोन-तीन क्षण वाट पाहिली, बंदूक खाली घेतली, डावा हात नळीच्या तोंडाशी गेला, आणि मग बार झाला. दोन बोटे गेली. साच्यावर तुटलेला धागा जोडणारा हात तो. संप मिटून गिरणी उघडली असती तरी त्यांना परत जाता आले नसते. त्यांनी मला मारले नाही. जखम भरल्यावर अंगणात बसवून बोंडी काढायला शिकवले, एवढेच.

असे का झाले, ते मला पुढे पुस्तकांतून कळले. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळून धूर होते असे वाटते. प्रत्यक्षात तिचे निम्म्याहून अधिक वजन क्षाररूपाने मागे राहते. तो क्षार हवेतले पाणी ओढतो. कोकणच्या हवेत एका रात्रीत छिद्रात काळा चिखल होतो. ठिणगी अर्ध्या वाटेत मंदावते आणि ओलसर दारू धुमसत राहते.

म्हणून आधी गज टाकून नळी रिकामी आहे ना ते पाहायचे. गजावर रिकाम्या नळीची खूण करून ठेवलेली असावी. मग चावीने बोंडी काढून गरम पाण्यात टाकायची. क्षार तेलाने सुटत नाही, पाण्याने सुटतो. माझे खोबरेल म्हणून फुकट गेले. नळीची मागची बाजू बादलीत धरून चिंधी वरखाली केली की कानातून पाणी काळे येते, मग करडे, मग स्वच्छ. पाणी कढत असले तर लोखंड आपोआप सुकते. छिद्रात तांब्या-पितळेची तार घालावी, पोलादी सुई कदापि नको. छिद्र मोठे झाले तर वायू उलटा येऊन घोडा मागे फेकतो. घोड्याच्या खोलगट तोंडात केपेचे तुकडे अडकतात, तेही काढावेत. आट्यांना ग्रीसचा हात लावून बोंडी बसवावी. पण छिद्रातले तेल मात्र भरण्यापूर्वी पुसलेच पाहिजे, नाहीतर दारू पुन्हा ओली. आणि बार चुकला तर तोंड मोकळ्या दिशेला ठेवून सावकाश शंभर अंक मोजावेत. वडील हे शेवटपर्यंत मोठ्याने मोजत.

खंडेनवमीला कारखान्यात आम्ही यंत्रे पुसतो, झेंडूची माळ घालतो. मी नव्या पोरांना विचारतो, माळ घातलीस ते दिसले. तेलाचे भोक उघडून पाहिलेस का? पोरे चिडतात. चिडू देत.

आता यातला आजचा तंटा. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि ६ जूनला उठली. म्हणजे बंदूक परत मिळाली ती पावसाच्या तोंडावर. माझ्या चुलतभावाची बोंडी गंजून आट्यांत धरली होती. मी मुलुंडहून चावी आणि रॉकेल घेऊन गेलो, दोन दिवस भिजत ठेवली तेव्हा निघाली. विधानसभेची घोषणा झाली १५ ऑक्टोबरला, ऐन भातकापणीत. डुकरांना आचारसंहिता लागू नाही. ठाण्यातल्या शिपायाला मी दोष देत नाही. एवढ्या बंदुका पुसायला त्याला कोण माणूस देतो? पण सरसकट सगळ्यांनी जमा करावे असा आयोगाचा नियमच नाही. जिल्ह्यात छाननी समिती असते आणि तिने प्रत्येक परवान्याचा विचार वेगळा करायचा असतो.

गावच्या मंडळींचे अर्ज मी लिहून दिले आहेत. प्रत्येकाच्या नावाने वेगळे, पोच घेऊन. आणि जमा करावीच लागली तर आदल्या दिवशी बोंडी काढून धुऊन, ग्रीस लावून द्यायची आणि पावतीवर तशी नोंद मागायची, असे ठरले आहे. आपल्यापैकी ज्यांच्या गावच्या घरी अशी बंदूक आहे, त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला भेटावे. बोंडीची चावी मी बरोबर आणली आहे. मापे घेऊन जा.